झालं का लोड?

ब्राउझर हा स्वभावाने अगदी सरळ. वेब पेजचा मजकूर हातात पडला की तो वरून खाली ओळीने वाचत जातो आणि वाचता वाचता पेज उभं करतो. इथे शीर्षक, इथे परिच्छेद, इथे बटण. मध्येच स्क्रिप्टचा टॅग लागला की मात्र वाचन तिथेच थांबवतो आणि आधी ती स्क्रिप्ट चालवतो. ती दुसऱ्या सर्व्हरवरून यायची असेल तर येईपर्यंत ताटकळत बसतो. कारण चालू पेजमध्ये नवा मजकूर घुसवायची स्क्रिप्टला मुभा आहे, आणि ती काय घुसवेल याचा नेम नाही. तेव्हा तिचं काय ते एकदा होऊन जाऊ दे, मग पुढची ओळ वाचू, असा त्याचा समंजस विचार.

समंजसपणा संपतो तो इथेच. कारण पुढची पार्टी स्क्रिप्ट आहे, आणि उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग ही म्हण तिलाच शोभते. तिला पेजच्या अगदी माथ्यावर बसवलेलं असतं. तिथून ती हुकूम सोडते, "तळाचं 'ऑर्डर करा' बटण शोधा आणि त्यावर क्लिक झालं की मला सांगा." बटण अजून चारशे ओळी खाली असतं. ब्राउझर तिथवर पोचलेलाच नसतो. तो प्रामाणिकपणे सांगतो, की असं काही इथे नाही. या 'नाही'ला जावास्क्रिप्टमध्ये नल म्हणतात. स्क्रिप्ट त्या नलवरच क्लिकची व्यवस्था लावायला जाते, कन्सोलमध्ये एक लाल ओळ उमटते, आणि स्क्रिप्ट तिथल्या तिथे आटोपते.

हिंजवडीत, मगरपट्ट्यात, ऐरोलीत कॉलेजातून ताजी ताजी येणारी मंडळी कामाचा श्रीगणेशा करतात तो बहुधा याच लाल ओळीने. पोरगं सिनियरला बोलावतं.

"सर, बटण सापडत नाही म्हणतोय. पण बटण आहे ना! हे बघा, दिसतंय की."

सर खुर्ची सरकवून येतात. बघतात. बटण खरोखरच दिसत असतं. चांगलं हिरवं, गोल कडांचं. दोघंही थोडा वेळ त्या बटणाकडे आदराने बघत राहतात. माणसाने मान वळवून बघेपर्यंत बटण केव्हाच जन्माला आलेलं असतं; स्क्रिप्टने चौकशी केली तेव्हा ते नव्हतं, एवढाच काय तो घोटाळा. कॉम्प्युटरच्या काळात सेकंदाचा पाचवा हिस्सा म्हणजे पुष्कळ झाला. तेवढ्यात स्क्रिप्ट येऊन, विचारून, निराश होऊन आडवी झालेली असते.

ही भानगड मुळात 1995 ची. नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइख यांनी त्या वर्षीच्या मे महिन्यात जावास्क्रिप्टचा पहिला अवतार दहा दिवसांत उभा केला, हे आता पुराणकथेसारखं सांगितलं जातं. दहा दिवसांत आपल्याकडे घराला रंग देऊन होत नाही. इतक्या घाईत भाषा घडवायची म्हटल्यावर काही प्रश्न पुढच्या पिढ्यांच्या गळ्यात पडणारच. पेजवर जे चालायचं त्याने सुरुवात नेमकी कधी करायची, हा त्यातलाच.

या प्रश्नाला पहिलं अधिकृत उत्तर मिळालं ते ऑनलोड. म्हणजे असं, की पेज लोड झालं की ब्राउझर हाक मारेल, तोवर गप्प बसा. ऐकायला छान. पण लोड झालं म्हणजे काय काय झालं? ऑनलोडच्या हिशेबाने पेजचा मजकूर आला, स्टाइलशीट आल्या, आतल्या चौकटीत बसवलेली दुसरी पेजं आली, आणि झाडून सगळी चित्रं आली, तर लोड झालं. एक चित्र जरी वाटेत असलं तरी नाही.

विदेश संचार निगमने भारतात सर्वांसाठी इंटरनेट खुलं केलं तेही 1995 मध्येच, 15 ऑगस्टला. पुढे घरोघरी 56 केबीपीएसचे मोडेम आले. त्यांची कागदावरची पूर्ण गती धरली तरी 200 किलोबाइटचा एक फोटो उतरायला जवळजवळ अर्धा मिनिट. कागदावरची गती कागदावरच राहायची, हे सांगायला नको.

आता त्या काळातलं एखाद्या कार्यालयाचं संकेतस्थळ डोळ्यांसमोर आणा. सगळ्यात वर साहेबांचा हसरा फोटो, कॅमेऱ्यातून निघाला तसाच चढवलेला. तो वरून खाली पट्ट्यापट्ट्यांनी उतरतोय. आधी पडदा, मग केस, मग कपाळ. डावीकडे मेनू दिसतोय: अर्ज, परिपत्रके, संपर्क. नागरिकाने 'अर्ज'वर माउस नेला तर काही उघडत नाही, कारण मेनू उघडणारी स्क्रिप्ट ऑनलोडला बांधलेली, आणि साहेबांची हनुवटी आल्याखेरीज ऑनलोड होणार नाही. चष्मा आला. मिशी आली. तेवढ्यात घरात कोणी फोन उचलला की कनेक्शन तुटायचं आणि साहेब पुन्हा कपाळापासून. पेजच्या तळाशी लिहिलेलं असायचं, की हे संकेतस्थळ इंटरनेट एक्सप्लोररमध्ये 800 बाय 600 या आकारात उत्तम दिसतं. किती वेळाने दिसतं ते लिहिलेलं नसायचं.

कोणी म्हणेल, पंगतीतही सगळं वाढून झाल्याशिवाय जेवायला सुरुवात करत नाहीतच. खरं आहे. पण तिथे तारतम्य असतं. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, भाजी वाढली, वरणभाताची मूद पडली, वर तुपाची धार आली, की यजमान हात जोडून 'सावकाश होऊ द्या' म्हणतात आणि मंडळी भातात हात घालतात. जिलबी अजून कढईत असते, मठ्ठा मागून यायचा असतो, कोपऱ्यातल्या मामांना पापड मिळालेला नसतो. त्यासाठी कोणी खोळंबत नाही. ऑनलोड हा असा यजमान, की शेवटच्या पाहुण्याच्या हातात विडा पडल्याशिवाय पहिल्याला घास उचलू देत नाही.

वेबवर 'सावकाश होऊ द्या' म्हणणारं माणूस नेमलं ते मोझिलावाल्यांनी. त्याचं नाव डॉम-कंटेंट-लोडेड. पेजचा सांगाडा पूर्ण वाचून झाला, प्रत्येक बटण आपापल्या जागी आलं, की हा इव्हेंट ओरडतो. चित्रं येतील तेव्हा येतील, तुम्ही चालू करा. नेमकं हेच हवं होतं. फक्त इंटरनेट एक्सप्लोररकडे ते नव्हतं, आणि तेव्हा जग एक्सप्लोररवर चालत होतं. त्याची सहावी आवृत्ती 2001 ची आणि सातवी 2006 च्या ऑक्टोबरमधली. मधल्या पाच वर्षांत लहान मुलं शाळेत जायला लागली, एक्सप्लोरर होता तिथेच होता. सातव्यातही हा इव्हेंट नव्हता. आठव्यातही नाही.

एक्सप्लोररकडे स्वतःचं असं एक साधन होतं, रेडी-स्टेट नावाचं. त्याला विचारलं की तो 'लोडिंग', 'इंटरॅक्टिव्ह', 'कम्प्लीट' अशी उत्तरं द्यायचा. त्यातलं 'इंटरॅक्टिव्ह' म्हणजे सांगाडा उभा राहिला, आता कामाला लागा. पण ते तो अर्धं पेज वाचून झालेलं असतानाही म्हणून मोकळा व्हायचा. आणि 'कम्प्लीट' म्हणेपर्यंत चित्रंबित्रं सगळी आलेली असायची, म्हणजे पुन्हा ऑनलोडच. एक उत्तर फार लवकर, दुसरं फार उशिरा. आपल्याकडच्या कुठल्याही बांधकाम व्यावसायिकाचा ताबा देण्याचा वायदा ज्याने अनुभवला आहे, त्याला हे जास्त समजावून सांगावं लागत नाही.

मग 2005 च्या आसपास जगातल्या चांगल्या चांगल्या डोक्यांनी या एका प्रश्नाला वाहून घेतलं. वेबचा इतिहास लिहिणारे बड्या कंपन्यांच्या लढायांवर प्रकरणंच्या प्रकरणं लिहितात. मला विचाराल तर खरी बहार या काळाची आहे. डीन एडवर्ड्स या प्रोग्रॅमरने एक्सप्लोररसाठी जी युक्ती मांडली तिची मला आजही मौज वाटते. त्याने पेजमध्ये एक खोटी स्क्रिप्ट घातली. तिला 'डिफर' अशी चिठ्ठी लावली, म्हणजे पेज पूर्ण वाचून होईपर्यंत हिला हात लावायचा नाही. आणि ती जिथून आणायची तो पत्ता काय दिला? दोन तिरप्या रेघा आणि पुढे विसर्गासारखे दोन ठिपके. संपला पत्ता. ना गाव, ना तालुका, ना पिनकोड. एक्सप्लोरर भलता आज्ञाधारक. तो पेज वाचून संपवायचा, मग या पत्त्यावर जायला निघायचा, अर्थातच कुठेही पोचायचा नाही आणि परत येऊन 'काम पूर्ण' अशी नोंद करायचा. नसलेल्या पत्त्यावर पाठवलेला माणूस परत आला, त्या अर्थी पेज तयार आहे, असं समजून आपण कामाला लागायचं. सरकारी टपाल खात्यात हे सुचलं असतं तर नवल वाटलं नसतं. पण ही तांत्रिक युक्ती होती, आणि चालत होती.

सफारीसाठी वेगळा इलाज. तो जॉन रेसिगचा. त्यात काही चातुर्य नव्हतं, नुसती चिकाटी होती: दर दहा मिलिसेकंदांनी रेडी-स्टेटला विचारायचं, झालं का? सेकंदाला शंभर वेळा. सफारी बिचारा शंभरही वेळा न चिडता 'नाही' म्हणायचा. ऑपेराची तऱ्हा तिसरीच. त्याच्याकडे तो मोझिलाचा इव्हेंट होता आणि तो वेळेवर ओरडायचाही, पण स्टाइलशीट लागू व्हायच्या आधीच. म्हणजे पेज तयार, पण अंगावर कपडे नाहीत. अशा पेजवरच्या एखाद्या चौकटीची रुंदी मोजायला स्क्रिप्ट गेली की भलतेच आकडे हाती यायचे. म्हणून ऑपेरासाठी प्रत्येक स्टाइलशीटपाशी जाऊन ती लागू झाली की नाही याची वेगळी विचारपूस.

चार ब्राउझर, चार तऱ्हा, आणि त्या सगळ्यांच्या खाली हमखास म्हणून जुना ऑनलोडही बांधून ठेवायचा, कारण कोणाचा काय भरवसा? मग कधी दोघे दोघे एकदम 'तयार' म्हणायचे आणि स्क्रिप्ट दोनदा चालायची. त्यासाठी पहिल्याच ओळीत तपासणी, की हे आधी एकदा झालंय का? झालं असेल तर मुकाट्याने परत फिरा. अठ्ठावीस ओळींच्या कोडमध्ये काम एका ओळीचं आणि बाकी सगळा बंदोबस्त.

हे इतकं जिवावर उदार होऊन का करायचं, असं विचाराल तर एक्सप्लोररचा एक खास राग सांगतो. पेजचा मुख्य भाग वाचून संपायच्या आत एखाद्या स्क्रिप्टने त्यात काही जोडायचा प्रयत्न केला, तर इतर ब्राउझर फार तर कुरकुर करत. एक्सप्लोररची सहावी-सातवी आवृत्ती 'ऑपरेशन अबॉर्टेड' अशी एक खिडकी पुढे करायची. तुम्ही 'ओके' म्हणायचात, दुसरं काही म्हणायची सोयच नव्हती. आणि मग वाचत होता ते आख्खं पेज नाहीसं होऊन त्या जागी 'हे पेज दाखवता येत नाही' असा कोरा निरोप. जे पेज तुम्ही आत्ता या डोळ्यांनी पाहत होतात ते दाखवता येत नाही! घाई स्क्रिप्टने केली, शिक्षा वाचणाऱ्याला. 2009 मध्ये आठवी आवृत्ती आली तेव्हा हा राग जरा निवळला.

तर या पार्श्वभूमीवर 2007 मध्ये डिएगो पेरिनी यांनी जे शोधून काढलं, ते त्या काळातलं सर्वात सुंदर काम आहे असं माझं मत आहे, आणि चार मित्र जमले की मी ते ऐकवतोच. एक्सप्लोररमध्ये डू-स्क्रोल नावाचा एक आदेश होता. पेज डावीकडे सरकव, असं त्याला सांगता यायचं. पण पेज पूर्ण उभं राहिलेलं नसेल तर हा आदेश चालायचा नाही, चक्क एरर द्यायचा. पेरिनींनी ओळखलं की ही अडचण नाही, हेच उत्तर आहे. एक्सप्लोररला 'तू तयार आहेस का?' असं विचारूच नका. तो काहीही सांगेल. त्याला सांगा, जरा डावीकडे सरक. सरकला नाही, कुरकुरला, तर समजायचं अजून नाही. क्षणभर थांबा, पुन्हा सांगा. पुन्हा कुरकुरला? पुन्हा थांबा. ज्या क्षणी तक्रार न करता सरकला त्या क्षणी पेज तयार.

सरकण्याशी कोणालाही काही कर्तव्य नव्हतं, हे यातलं मर्म. पेज आधीच डावीकडे होतं. त्याला आणखी डावीकडे जायला जागाच नव्हती. जगभर कोट्यवधी कॉम्प्युटरांवर पेजं उघडता उघडता एक अदृश्य हात त्यांना डाव्या अंगाला ढोसत होता आणि ती ज्या क्षणी 'आई गं' म्हणायची थांबत त्या क्षणी दुकान उघडत होतं. बँकांची पेजं, विमान कंपन्यांची पेजं, सगळीच. आणि यालाही एक अपवाद होताच: पेज दुसऱ्या पेजच्या चौकटीत बसवलेलं असेल तर ही खूण भरवशाची राहत नाही. म्हणून ढोसण्याआधी पाहायचं, की आपण चौकटीत तर नाही ना.

रेसिगने 2006 च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या एका बारकॅम्पमध्ये जेक्वेरी ही जावास्क्रिप्टची लायब्ररी जाहीर केली होती. ही सगळी दिव्यं पोटात घेऊन जेक्वेरीने वर एकच शहाणी ओळ ठेवली, डॉक्युमेंट-रेडी. ती लिहा, कंसात आपलं काम लिहा, निर्धास्त व्हा. पेरिनींची युक्तीही जेक्वेरीने उचलली, कोडमध्ये त्यांच्या नावानिशी नोंद करून, आणि 2016 सालच्या 1.12 या आवृत्तीपर्यंत ते ढोसणं शाबूत होतं. म्हणजे आपल्यापैकी ज्यांनी कधी ऑफिसच्या जुन्या कॉम्प्युटरवर रेल्वेचं तिकीट शोधलं असेल त्यांच्यासाठीही कोणीतरी पेज डावीकडे ढोसलं असण्याची दाट शक्यता आहे. आभार मानायचे राहून गेले.

पुण्यात मात्र डॉक्युमेंट-रेडीचं लवकरच कर्मकांड झालं. एक आख्खी पिढी अशी घडली, की फाइल कोणतीही असो, पहिली ओळ तीच. का, ते विचारायचं नाही. काहींच्या कोडमध्ये रेडीच्या आत रेडी आणि त्याच्या आत आणखी एक, अशी उतरंड सापडे. पेज एकदा तयार झालं तरी खात्री केलेली बरी. मुलाखतींत तर या प्रश्नाने कितीतरी वर्षं काढली. "विंडो-ऑनलोड आणि डॉक्युमेंट-रेडी यात फरक काय?" उमेदवार एका दमात उत्तर म्हणून दाखवायचा. विचारणाऱ्यालाही तेवढंच पाठ असायचं. त्यामुळे दोघांनाही एकमेकांचा चांगला अनुभव यायचा आणि एचआरचं काम सोपं व्हायचं.

ज्यांना हेही नको होतं, त्यांचा पंथ सेट-टाइमआउटचा. या पंथात पेज तयार आहे का, हे तपासत नाहीत. थोडा वेळ थांबतात आणि देवावर हवाला ठेवतात. एका जुन्या प्रोजेक्टात मी ही ओळ पाहिली आहे. मूळ आकडा 500, म्हणजे अर्धा सेकंद थांबा. तो खोडून 1000. तो खोडून 1500, आणि शेजारी शेरा, 'क्लायंटकडे नेट स्लो आहे'. तोही खोडून 3000, आणि शेवटचा शेरा: 'काढू नका प्लीज. काढलं की ग्रिड येत नाही. कारण माहीत नाही.' शेरे लिहिणाऱ्यांपैकी एकाने नोकरी बदलली, एक परदेशी गेला, एक मॅनेजर होऊन कोडपासून मुक्त झाला. क्लायंटने दरम्यान नेट बदललं. तीन हजार तिथेच. ती ओळ काढायची सूचना एका मीटिंगमध्ये आली तेव्हा टीममध्ये जी शांतता पसरली तिला घाबरून विषय पुढच्या रिलीजवर ढकलण्यात आला.

2011 च्या मार्चमध्ये एक्सप्लोररच्या नवव्या आवृत्तीने अखेर डॉम-कंटेंट-लोडेड स्वीकारला. म्हणजे लढाई जिंकलो. सगळे ब्राउझर एका सुरात, खरं आणि वेळेवर सांगू लागले, की सांगाडा तयार आहे. आणि नेमकं तेव्हाच आपण वेब पेजमधून सांगाडा काढून टाकला.

हे समजावून सांगतो. हल्लीच्या पुष्कळ पेजांचा स्रोत उघडून पाहा. आत एक रिकामी चौकट असते, आणि खाली स्क्रिप्टचं एक भलंमोठं गाठोडं. बस. ब्राउझर ते क्षणात वाचून संपवतो आणि इमानाने ओरडतो, तयार! खोटं काहीच नाही त्यात. जे पाठवलं होतं ते सगळं तयार आहे, म्हणजे काहीच नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मग स्क्रिप्ट उतरते, ती माहिती मागवते, माहिती येते, आणि तोवर करड्या पट्ट्या चमकत राहतात, जणू मजकुराची सावली आधी येऊन बसली आहे. आणखी पुढारलेल्या पेजांवर सर्व्हरकडून भरगच्च मजकूर येतो, बटणंही दिसतात, पण दाबली तर ढिम्म. त्यांना क्लिक ऐकू यायची तजवीज स्क्रिप्ट मागाहून करणार असते. या मागाहूनच्या कामाला हायड्रेशन म्हणतात. त्याआधीचं बटण आणि बटणाचा फोटो, दोन्ही सारखंच.

यात खरे हाल टेस्टिंगवाल्यांचे. त्यांचे प्रोग्रॅम आपोआप पेज उघडून तपासतात, आणि त्यांना कोणीतरी सांगायला हवं की पेज आता तपासण्याजोगं झालं. पपेटियर नावाच्या साधनात एक सोय आहे: पाचशे मिलिसेकंद नेटवर्कवर काहीच हालचाल झाली नाही, तर पेज शांत झालं असं माना. पण आजकालचं पेज शांत होतं कुठे? कोपऱ्यातून 'मी आपली काय मदत करू?' विचारणारी ती चॅटवाली बाई सर्व्हरशी सतत बोलत असते, जाहिरात दर थोड्या वेळाने कूस बदलते, तुम्ही किती खाली गेलात याची चुगली कुठेतरी पोचवली जात असते. टेस्ट वाट बघून बघून नापास होते. प्लेराइट या दुसऱ्या साधनाच्या अधिकृत माहितीतच आता सांगितलंय, की हा शांततेचा मार्ग वापरू नका. जे बटण दाबायचं आहे ते दाबण्याजोगं झालं का तेवढं पाहा. म्हणजे शेवटी पेरिनीच खरे. तयारीची विचारपूस करत बसू नका, काम सांगून बघा.

आपल्या देवनागरीने या नाटकात जुनी भूमिका केली आहे, तीही सांगून टाकतो. युनिकोड रुळण्याआधी मराठी वर्तमानपत्रांच्या संकेतस्थळांचे आपापले फॉन्ट असत आणि ते पेजबरोबर उतरवावे लागत. फॉन्ट येईपर्यंत अग्रलेखाच्या जागी टोप्या घातलेले रोमन स्वर, पौंडाची चिन्हं आणि उलटी प्रश्नचिन्हं यांचा सडा पडलेला असायचा. कुठल्याही नियमाने पाहा, पेज लोड झालेलं होतं. फक्त वाचता येत नव्हतं. (काही अग्रलेखांच्या बाबतीत फॉन्ट आल्यावरही फारसा फरक पडत नसे, पण तो तांत्रिक दोष नव्हे.) आता तेवढी आबाळ नाही, तरी वेब फॉन्ट मागून आला की ओळींची उंची बदलते, मजकूर खाली सरकतो, आणि 'पुढे वाचा'वर टेकायला निघालेलं बोट नेमकं कर्जाच्या जाहिरातीवर पडतं. फॉन्ट आले की नाही, हे विचारायची वेगळी सोय ब्राउझरमध्ये आहे. ती वापरणारे थोडे.

वास्तविक या सगळ्यातून सुटण्याची वाट फार जुनी आणि फुकट आहे. 2007 मध्ये स्टीव्ह साउडर्स यांनी 'हाय परफॉर्मन्स वेब साइट्स' या पुस्तकात साधा नियम सांगितला: स्क्रिप्ट पेजच्या तळाला ठेवा. तिच्या वरचं सगळं तोवर वाचून झालेलंच असतं, मग विचारायचं काय? त्याहून सोपं म्हणजे टॅगमध्ये 'डिफर' एवढा एक शब्द. स्क्रिप्ट मागच्या मागे उतरते आणि पेज वाचून संपल्यावरच चालते. आणि ही डिफरची सोय सगळ्यात आधी कोणी आणली होती माहीत आहे? इंटरनेट एक्सप्लोररने. 1997 साली, चौथ्या आवृत्तीत. ज्याच्यामुळे दहा वर्षं जगाच्या नाकी नऊ आले, औषधाची बाटली त्याच्याच खिशात होती. फायरफॉक्सला ती यायला 2009 उजाडलं, तोवर ती सर्वांसाठी वापरायची सोय नव्हती. एक्सप्लोररला मायक्रोसॉफ्टने 15 जून 2022 रोजी निवृत्त केलं. त्या दिवशी आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर इतके पेढे फिरले, की कोणाचं लग्न आहे असं एकीच्या आईने विचारलं.

आजही नवं कोड उघडावं तर वर डिफर लावलेलं असतं आणि आत पुन्हा डॉम-कंटेंट-लोडेडची वाट बघणं चालू असतं. ते नुसतं फालतू. त्याने बिघडत काही नाही. बिघडतं ते स्क्रिप्ट मागाहून घुसवलेली असेल तेव्हा. इव्हेंट कधीच होऊन गेलेला असतो, आणि ही मागून येऊन त्याची वाट बघत उभी. वरातीमागून घोडं. ना एरर, ना लाल ओळ, काही म्हणजे काही होत नाही, आणि असा बग शोधायला सर्वात जास्त वेळ लागतो. तेव्हा वाट बघायला बसण्याआधी रेडी-स्टेट 'लोडिंग' आहे का ते एकदा पाहावं. नसेल तर थेट काम सुरू करावं. सुदैवाने आता त्याचं उत्तर खरं असतं.

ज्यांचा या धंद्याशी काही संबंध नाही त्यांना एक विनंती. वीजबिल भरताना, परीक्षेचा फॉर्म भरताना, तिकीट काढताना 'पे' बटण दाबलं आणि काहीच झालं नाही, तर चिडून लगेच चार वेळा दाबू नका. तुमचं बोट ठीक आहे आणि बहुधा नेटही ठीक आहे. पेज दिसतंय पण त्याची स्क्रिप्ट अजून पोचलेली नाही. किंवा पोचली आहे, क्लिक घेतलाय आणि तुम्हाला सांगायचं विसरली आहे, ते जास्त वाईट. थोडं थांबा. आधी बँकेचा मेसेज आला का बघा. पैसे दोनदा कापले गेले तर परत मिळतात, पण ते मिळवण्यासाठी जे संकेतस्थळ उघडावं लागतं, तेही असंच लोड होत असतं.